उकळी फुटू न देता

माझा थोरला भाऊ वारणाकाठच्या एका साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला आहे. मीही तिथं सहा गळीत हंगाम काढले. आयटीआयचा फिटर, मग बॉयलर अटेंडंटची परीक्षा, मग तीन पाळ्यांची नोकरी. २००८ मध्ये बायकोला लीड्सच्या एका इस्पितळात नर्सची जागा मिळाली आणि मी तिच्या मागोमाग इंग्लंडला आलो. आता इथं जुन्या घरांचे बॉयलर आणि रेडिएटर बदलतो. हे भावाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर जरा वेळ शांतता होती. मग म्हणाला, "आरं, म्हंजे तू बंब बदलतोस व्हय!"

त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. आमचा बॉयलर चार मजली इमारतीएवढा, पोटात उसाचं चिपाड जळतंय, वाफेचा दाब पंचेचाळीस किलो, आणि तेव्हाच्या १९२३ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला इन्स्पेक्टर येणार म्हटलं की सगळे अधिकारी स्वच्छ सदरा घालून हजर. इथला बॉयलर स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कपाटात मावतो. दाब एक ते दीड बार. आणि मुख्य म्हणजे त्यात पाणी उकळत नाही. उकळलं तर काहीतरी बिघडलं म्हणायचं. नाव बॉयलर, आणि सारी कारागिरी उकळी फुटू न देण्याची. हे पचनी पडायला मला दोनेक वर्षं लागली.

ज्याच्या हाताखाली मी इथलं काम शिकलो तो साठीचा, मितभाषी प्लंबर होता. मी मनातल्या मनात त्याला मिस्त्री म्हणायचो. त्याच्या पेटीत तागाचा धागा आणि सफेद्याचा डबा बघून मला गहिवरून आलं होतं. आपल्याकडे पाइपाच्या आट्यांवर जे गुंडाळतात तेच, सात समुद्रांपलीकडे. २०१० च्या डिसेंबरात इथं शतकात पडली नव्हती अशी थंडी पडली. नव्या बॉयलरमधून निघणारं पाणी ज्या नळीनं बाहेर गटारात जातं ती नळी घरोघरी गोठली आणि बॉयलर बंद पडले. आम्ही दोघं आठवडाभर किटली घेऊन दारोदार फिरलो, नळीवर गरम पाणी ओतत. वाफेच्या खात्यातला माणूस किटलीवर आला, हे मी भावाला कळवलं नाही.

आता ज्या घराविषयी सांगायचंय ते २०२२ च्या सप्टेंबरातलं. तोवर माझ्याकडे स्वतःचं गॅस सेफचं कार्ड, म्हणजे गॅसच्या कामाचा परवाना होता आणि मिस्त्री निवृत्त झाला होता. घर लीड्सच्या लाल विटांच्या एका रांगेतलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला बांधलेलं. नऊ इंची भरीव भिंती, खाली कोळशाचं तळघर, मागं नंतर वाढवलेलं स्वयंपाकघर. मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. वडील खाणीत होते, त्यामुळे लहानपणी घरात कोळशाला तोटा नव्हता, असं त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं. एका खोलीत भट्टी पेटलेली आणि बाकी घर बर्फ, सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला दहिवर गोठलेलं. सत्तरच्या दशकात नवऱ्यानं बैठकीच्या जुन्या चुलाण्यात गॅसची शेगडी आणि तिच्या मागं बिडाचा छोटा बॉयलर बसवून घेतला. पाणी तिथं तापायचं, तिथून सात रेडिएटरना आणि वरच्या कपाटातल्या तांब्याच्या सिलिंडरला जायचं. माळ्यावर एक छोटी टाकी, बॉल कॉक लावलेली. कुठं पाणी कमी पडलं की तीच भरून काढायची. तो सिलिंडर मी पाहिला आणि हसूच आलं. अगदी आमचा बंबच, फक्त पोटात धुराड्याऐवजी तांब्याचं वेटोळं.

बाईंची तक्रार एकच. मागची झोपायची खोली तापत नाही. म्हणून सगळ्यांत मोठा बॉयलर बसव.

मी खोल्याखोल्यांतून फिरलो. रेडिएटर चालू करायला लावले आणि हात फिरवला. वर गार आणि खाली गरम लागला तर आत वायू अडकलाय. वर गरम आणि खाली मधोमध गार लागला तर आत गाळ बसलाय. मागच्या खोलीतला रेडिएटर खालच्या अर्ध्या भागात मेलेला होता. बाई म्हणाल्या, दर महिन्याला किल्लीनं त्याची हवा काढावी लागते. ती हवा नसते. पोलाद आणि पाणी यांचं आत जे काही चालतं त्यातून काळा लोहभस्मासारखा गाळ तयार होतो आणि हायड्रोजन सुटतो. मिस्त्रीनं एकदा एका रेडिएटरच्या तोंडाशी काडी धरून मला निळसर ज्योत दाखवली होती. असलं कुणी करू नये. पण एकदा पाहिलं की विसरत नाही.

मोठ्या बॉयलरचं खूळ इथं सगळ्यांनाच आहे. मी वही काढली. भिंत किती, खिडकी किती, छत किती, बाहेर उणे तीन आणि आत एकवीस धरून प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते ते मांडलं. साऱ्या घराची बेरीज साडेआठ किलोवॉट. जुना बॉयलर त्याहून मोठाच होता. म्हणजे आग कमी नव्हती, ती पोचत नव्हती. नळाला लगेच गरम पाणी हवं म्हणून चोवीस किलोवॉटचा कॉम्बी, म्हणजे घर आणि नळ दोन्ही सांभाळणारा बॉयलर घ्यावा लागतो, कारण मिनिटाला दहा लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायचं तर तेवढी ताकद लागते. मिनिटाला एक बादली, असा मी मनाशी हिशेब ठेवतो. पण घर तापवण्यासाठी तोच बॉयलर मी नऊवर बांधून ठेवणार होतो.

मग रेडिएटर मोठे करायचा मुद्दा निघाला आणि खरी हुज्जत तिथं झाली. कॅटलॉगमध्ये रेडिएटरची जी ताकद छापलेली असते ती आतलं पाणी सरासरी सत्तर अंश आणि खोली वीस अंश धरून असते. पाणी पन्नासवर आणलं की ताकद जवळजवळ निम्मी होते. मागच्या खोलीला एक हजार पन्नास वॉट लागत होते, म्हणून मी एकवीसशे वॉटचा, दुहेरी पत्र्याचा, आत पन्हाळीसारखे पत्रे असलेला रेडिएटर लिहिला. बाई म्हणाल्या, "एवढा मोठा कशाला लव्ह, पाणीच जास्त तापव की." पुढच्या खोलीत तर नवा रेडिएटर भिंतीपासून इतका पुढे येणार होता की सोफा चार इंच सरकवावा लागणार होता, आणि तो सोफा नवऱ्यानं ठेवला होता तिथंच होता.

पाणी कमी तापवायचं कारण मला कारखान्यानंच शिकवलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. चिपाडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. ते पाणी भट्टीत वाफ होतं आणि धुराड्यातून आभाळात जातं, आणि त्याची वाफ करायला खर्ची पडलेली उष्णताही त्याच्याबरोबर जाते. आम्ही ते बघत बसायचो. धूर इतका गार करायचा नाही की आत पाणी सुटेल, पत्रा खाऊन टाकतं, असा दंडक होता. इथल्या नव्या बॉयलरची सगळी हुशारी म्हणजे धूर मुद्दाम गार करायचा, त्यातल्या वाफेचं पाणी करायचं आणि तिची उष्णता परत घ्यायची. इंग्लंडमध्ये २००५ पासून गॅसचा नवा बॉयलर सहसा असाच बसवावा लागतो. पण रेडिएटरांतून परत येणारं पाणी पंचावन्न अंशांच्या खाली असेल तरच हे घडतं. लोक काय करतात, नवा बॉयलर घेतात, पाणी ऐंशीवर ठेवतात आणि ज्यासाठी पैसे मोजले ते धुराबरोबर सोडून देतात. २०२२ च्या जूनपासून इथल्या बांधकाम नियमांनीही, सगळी यंत्रणा नवी घातली तर ती पंचावन्न अंशांवर चालेल अशी आखा, असं सांगितलं. इथं जुने पाइप राहणार होते, त्यामुळे नियम मला बंधनकारक नव्हता. मी मात्र त्याच आकड्यावर अडून बसलो. मंद आचेवर जे शिजतं ते मोठ्या जाळावर करपतं, हे बाईंना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं मला भूक लागलीय. सँडविच आलं.

शेवटी गॅसच्या दरांनी माझी बाजू मांडली. त्या हिवाळ्यात सरकारनं दराला लगाम घालूनही साधारण घराचं गॅस आणि विजेचं मिळून वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या घरात होतं. बाईंनी होकार दिला. सोफा सरकला.

पहिला दिवस मोडतोडीचा. शेगडी काढली, तिच्या मागचा बिडाचा ठोकळा मी आणि माझ्या मदतनीस पोरानं ओढून बाहेर काढला. आकारानं टोपल्याएवढा, वजनाला भरलेल्या पोत्यासारखा. मग पाणी सोडलं. जुन्या यंत्रणेतून निघणारं पाणी काळं असतं म्हणजे काजळ कालवल्यासारखं काळं असतं, आणि गालिच्यावर एक थेंब पडला तर त्याचा डाग जात नाही. एका गालिच्याचे पैसे मी सुरुवातीच्या काळात भरलेले आहेत. तेव्हापासून रेडिएटर काढला की तो आडवा न नेता उलटा करून, तोंडं वर करून नेतो. उघड्या दारातून ही वरात चालू असताना बाहेरून वारा आत येत होता. बाई आतून ओरडल्या. यॉर्कशरमध्ये दार लाव म्हणायचं असेल तर "भोकात लाकूड घाल" म्हणतात. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना ही भाषा आवडली असती.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीच्या जमिनीची फळी उचलली. पाइप कुठून जातो ते बघायचं होतं. यंत्रणा रिकामी झाली होती, असं मी धरून चाललो होतो. फळीबरोबर एक खिळा वर आला आणि त्याच्या मागोमाग काळ्या पाण्याची बारीक चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर. कुणीतरी चाळीसेक वर्षांपूर्वी फळी ठोकताना खिळा पाइपात मारला होता. तो तिथंच गंजला, आणि स्वतःच्याच गंजानं त्यानं ते भोक बंद करून ठेवलं. मी अंगठा दाबून पालथा पडलो. मदतनीस पोरगा खाली व्हॅनमध्ये रेडिओ ऐकत होता. किती वेळ हाका मारल्या कोण जाणे. शेवटी बाईच जिना चढून आल्या, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "हा खिळा त्यानंच मारला असणार," आणि टॉवेल आणायला गेल्या. आवाजात तक्रार नव्हती.

पाइपांचं आणखी एक त्रांगडं म्हणजे काही तीन चतुर्थांश इंची होते आणि काही बावीस मिलिमीटरचे. इंग्लंड सत्तरच्या दशकात इंचावरून मिलिमीटरवर आलं, आणि हे घर बरोबर त्या सांध्यावर होतं. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. बावीसची पितळी रिंग इंची पाइपावर चढवली तर पान्ह्यानं आवळताना सगळं ठीक वाटतं, पण ती पुरती धरत नाही. त्यासाठी वेगळी रिंग मिळते. अर्धा इंच आणि पंधरा मिलिमीटर मात्र एकमेकांना चालवून घेतात. गॅसचा पाइपही बदलावा लागला. तळघरातल्या मीटरपासून नव्या बॉयलरपर्यंत दाबात एक मिलिबारपेक्षा जास्त घट चालत नाही, आणि जुन्या बारीक नळीनं ते जमलं नसतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाणी भरलं. आता माळ्यावरची टाकी गेली होती, यंत्रणा बंदिस्त होती, आणि तिचा सगळा कारभार एका छोट्या काट्यावर. काटा सव्वा बारवर ठेवून मी घरी आलो. सकाळी गेलो तर काटा पावच्या आसपास.

बॉयलरखालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा भरलं. काटा हलला नाही. म्हणजे बॉयलर निर्दोष, पाणी घरातच कुठंतरी जात होतं. माझे सगळे सांधे कोरडे होते, कागद लावून पाहिले. मग मी एकेक फांदी तोडून बंद करत गेलो आणि दुपारी तीनला मागच्या स्वयंपाकघराच्या फांदीवर येऊन थांबलो. तिथला पाइप काँक्रीटच्या जमिनीत उघडाच गाडलेला, वर कसलंही वेष्टन नाही. सिमेंटमधल्या ओलाव्यानं आणि क्षारांनी तांबं बाहेरून खाल्लं जातं. फ्रीजजवळच्या एका फरशीवर त्यांचं मांजर चारही दिवस झोपलेलं होतं. बाई म्हणाल्या, ते कायमच तिथं झोपतं. त्याच्या आधीचं मांजरही तिथंच झोपायचं.

तेव्हा सगळा गुंता सुटला. ती गळती नवी नव्हती, कदाचित दहा वर्षं चालू असेल. पण माळ्यावरची टाकी, बिचारी, रोज गुपचूप जेवढं गेलं तेवढं भरून काढत होती. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. आणि प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर ताजा प्राणवायू आत येत होता, पत्रा खात होता, गाळ करत होता; गंज रोखायला कुणी कधी औषध घातलं असेल तर तेही पातळ होऊन जमिनीत मुरलं. तो गाळ वाहत वाहत जिथं पाण्याचा जोर सगळ्यांत कमी तिथं बसला, मागच्या झोपायच्या खोलीत. बाई स्वयंपाकघराच्या गळतीमुळे वर थंडीत झोपत होत्या.

जुने पाइप दर सांगण्याआधी दाब देऊन तपासायला हवे होते. मी तपासले नव्हते. त्यामुळे ती फांदी सोडून देऊन भिंतीवरून नवा पाइप नेण्याचे दोन दिवस माझ्या खिशातून गेले. बाईंनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत, पण फार उदारपणे नव्हे.

मग धुलाई. पंपानं जोरात पाणी फिरवून उरलेल्या पाइपांतला गाळ काढला. परतीच्या पाइपावर चुंबकाचा गाळणा बसवला. तासाभरानं उघडला तर चुंबकावर काळी लव उभी राहिलेली. शेवटी औषध घालून पाणी बंद केलं.

माझ्या आवडीचं काम सगळ्यांत शेवटी येतं. प्रत्येक रेडिएटरच्या एका बाजूला टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, घरमालकानं हात लावायचा नसतो. बॉयलरजवळचे रेडिएटर पाणी ओढून घेतात आणि लांबच्यांना उरत नाही. पाटाचं पाणी ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वरच्या अंगाचे शेतकरी भिजवून घेतात आणि टेलला चिखलही पोचत नाही. तिथं दारं धरायला पाटकरी असतो, भांडणं होतात, रात्री कुणीतरी गुपचूप बारं फोडतो. इथं मी गुडघ्यावर बसून जवळच्यांची तोंडं पाव-पाव आटा आवळतो, पाइपांवर दोन थर्मामीटर लावून वाट पाहतो, पुन्हा आवळतो. अर्धा दिवस जातो. अनेक जण हे करतच नाहीत, कारण त्या दिवशी कुणी बघत नाही. मागच्या खोलीचा रेडिएटर खालपासून वरपर्यंत एकसारखा तापला तेव्हा पाचचा सुमार होता. धुराचं पृथक्करण केलं, कागदाची पट्टी छापून घेतली, पाणी पंचावन्नवर ठेवलं. बाहेर भिंतीतून पांढरी, आळसट वाफ निघत होती. मला ती फार सुंदर वाटते.

बाईंच्या नातवानं त्या संध्याकाळी विचारलं, बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर आत ओढणारा हीट पंप का नाही बसवला? रेडिएटर त्याला चालतील असेच आहेत, असं मी सांगितलं आणि ते खरं आहे. सरकारी अनुदान तेव्हा पाच हजार पौंड होतं, पुढच्या वर्षी साडेसात झालं. पण हीट पंपाला गरम पाण्याचा सिलिंडर लागतो, आणि तो ठेवायची जागा मी कपाट मोकळं करून त्यांना चादरींसाठी देऊन बसलो होतो. त्याची थोडी रुखरुख आहे. तो जुना तांब्याचा सिलिंडर काही दिवस माझ्या व्हॅनमध्ये पडून होता, भंगारवाल्याकडे नेववत नव्हता.

आठ दिवसांनी फोन आला. बॉयलर बिघडलाय. गेलो तर बाई अंगात स्वेटर, पाठ रेडिएटरला टेकवून बसलेल्या. भिंतीवरचं थर्मामीटर वीस दाखवत होतं. मागच्या खोलीतही वीस. "पण हात लावून बघ ना," त्या म्हणाल्या, "कोमटच आहे." पन्नास वर्षं रेडिएटर म्हणजे हात लावला की मागे घ्यावा असा, त्यावर मोजे वाळवायचे, पाठ शेकायची. खोली उबदार आहे हे त्यांना मान्य होतं. घर तापलंय हे नव्हतं. मी आकडे सांगणार होतो, पण आई आठवली. बंबाची तोटी सोडायच्या आधी ती बंबाच्या अंगाला हाताची पालथी बाजू लावायची, आणि चटका बसला तरच आंघोळीला हाक मारायची.

मी पाणी साठवर नेलं. योगायोगानं त्या डिसेंबरात सरकारी मोहिमेतही लोकांना साठच सांगत होते, त्यामुळे माझी अब्रू राहिली. दर शरदात मी सर्व्हिसला जातो, चहा होतो, मांजर आता जिन्याखाली झोपतं. निघताना विचारतो, दोन अंश उतरवू का? बाई रेडिएटरला हात लावतात, विचार करतात आणि म्हणतात, "एक उतरव." २०२५ च्या भेटीत आम्ही सत्तावन्नवर आलो.